खिडकीसाठी कर्ज

धारा काढून झाल्या असतील, कुणाची भाकरी अजून तव्यावर असेल. हातातलं काम सोडू नका, काम करता करता ऐका. आज मी हप्ते आणि व्याज यावर बोलणार नाही. आज घराबद्दल बोलायचं आहे. घराच्या आतल्या भिंती, खिडक्या, ओटा, मोरी, आपण दिवसभर जिथं वावरतो ती जागा, आणि कोरोनानंतर ती कशी बदलत चालली आहे ते. सुरुवात मात्र गटाच्या रजिस्टरपासूनच करते, कारण विषय तिथूनच निघाला.

आमच्या आटपाडी-सांगोल्याच्या कोरड्या पट्ट्यात मी बचत गटांचं काम बघते. कर्जाच्या रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, 'कर्जाचं कारण'. जुनी पानं उलटली की त्या रकान्यात शेळी, म्हैस, खत, पोराची फी, दवाखाना, लग्न हेच सापडतं. कोरोनानंतरच्या पानांवर घर दिसायला लागलं. फरशी, पत्रे, ओटा, टीव्हीमागचं फर्निचर. गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत तीन अर्ज आले, तिन्ही घराचे. एक सोफ्यासाठी. एक छताला पीओपी करायला. आणि तिसरा आमच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींचा. मी विचारलं, "वहिनी, कारण काय लिहू?" त्या म्हणाल्या, "खिडकी लिहा."

सगळ्या बायका हसल्या. अध्यक्ष आहेत त्या वयानं मोठ्या, आम्ही त्यांना आक्का म्हणतो. आक्का म्हणाल्या, "खिडकीला कुणी कर्ज काढतं होय गं? उद्या वाऱ्याला काढशील." मीही हसले. खोटं कशाला बोलू. तिन्ही अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवले आणि घरी आले. घरी आले ती सरळ आमच्या कोठीच्या खोलीसमोर जाऊन उभी राहिले. त्या खोलीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आठवा. २०२० चा मार्च. २५ तारखेपासून देश बंद झाला. आमच्या भागातली बरीच कुटुंबं गलाईच्या धंद्याला परराज्यात असतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. ती माणसं मिळेल त्या वाटेनं गावाकडं आली. त्यांना चौदा दिवस वेगळं ठेवायचं होतं. काही जण जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिले आणि ज्यांना रान होतं ते रानातल्या खोपीत जाऊन राहिले. तेव्हा आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या होत्या, "माझी आजी सांगायची, गाठीच्या तापात बी गाव असाच रानात गेलता." गाठीचा ताप म्हणजे प्लेग. १८९६ साली तो मुंबईत आला आणि पुढं गावोगाव पसरला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १८९७ साली गेल्या, हे आपण सगळ्याजणी शाळेत शिकलो. त्या काळात माणसं घरं सोडून गावाबाहेर झोपड्या घालून राहायची. घर दाटीचं, अंधारं, आणि उंदरांनी पोखरलेलं. रानात निदान मोकळी हवा होती.

खोपीला दार नसतं, खिडकी नसते, पण वारा चारी बाजूंनी असतो. आमच्या घराला उलटं झालं होतं. सिमेंटचं घर, पुढं रस्त्याकडं मोठी खिडकी, रंगीत ग्रील. मागं धान्याची कोठी. घर बांधलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, मागं भाऊबंदांची भिंत चिकटून आहे, खिडकीचा उपयोग नाही, आणि चोराची भीती वेगळी. झालं. भिंत सलग उचलली. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी ओट्याला कुठली फरशी घालायची एवढंच बोलले असते.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, मला कोरोना झाला. घरात दोन लेकरं, म्हातारे सासू-सासरे. मला वेगळं राहायचं होतं आणि वेगळी खोली एकच होती, कोठी. ज्वारीची पोती, खताचं एक पोतं, वर माळ्यावर जुनी भांडी, त्यात माझी बाज. दार लावलं की दिवसा दुपारी बल्ब लावावा लागायचा. दार उघडलं की माझा श्वास घरात. वरून एप्रिलची उष्णता. खताच्या वासानं डोकं चढायचं. तिसऱ्या दिवशी आमच्या आशाताई ऑक्सिमीटर घेऊन आल्या. बोटाला लावला, आकडा बघितला, काही बोलल्या नाहीत. खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "इथं नका झोपू. उठा. बाहेर चला." बाहेर कुठं? शेवटी सासऱ्यांनी गोठ्याच्या एका कडेला पडदा बांधला. म्हशीपासून दहा हातांवर माझी बाज पडली. आठ दिवस मी तिथं काढले. शेणाचा वास होता, डास होते, पण अंगाला वारा लागत होता. पडल्या पडल्या मी गोठा बघायची. वर पत्रा, बाजूला कमरेएवढी भिंत, मग सगळं मोकळं. जनावराला कोंडलं तर ते आजारी पडतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

वारा घरात येतो कसा, यावर आपण कधी बोलत नाही म्हणून दोन शब्द. खोलीला एकच खिडकी असली तर वारा दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा असतो, आत येत नाही. त्याला बाहेर पडायला वाट लागते. म्हणून समोरासमोर दोन उघड्या जागा हव्यात, नाहीतर निदान दोन वेगवेगळ्या भिंतींना. आणि गरम हवा हलकी असते, ती वर चढते. छताच्या खाली भिंतीत वर जाळी ठेवली, तर गरम हवा, धूर, वाफ तिथून निघून जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. हे काही नवं शास्त्र नाही. जुन्या माळवदाच्या घराला वर एक भोक असायचं, आमच्याकडं त्याला सानं म्हणतात. त्यातून चुलीचा धूर जायचा आणि उजेडाचा एक गोल जमिनीवर पडायचा. तो कुठं सरकला यावरून आत्याबाई दिवस किती चढला ते सांगायच्या. माळवद गेलं, स्लॅब आला, सानं बंद झालं. त्या जागी काही ठेवलंच नाही आपण.

आता नवीन घरांत सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या आहेत. दिसायला छान. पण बघा, दोन काचांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी एका वेळी निम्मीच उघडते. चार फुटांच्या खिडकीचे पैसे द्यायचे आणि वारा दोन फुटांचा घ्यायचा. जुनी दोन फळ्यांची, बिजागरीची खिडकी सगळी उघडायची. मी काचेच्या विरोधात नाही. धूळ येत नाही, पुसायला सोपी. फक्त घेताना हे माहीत असू द्या. छताचंही तसंच. पत्र्याखाली सीलिंग केलं तर उन्हाळ्यात झळ कमी लागते, हे खरं आहे, पण ते करताना भिंतीतली वरची जाळी झाकली जात नाही ना, ते बघा. आमच्या गावात दोन घरांत झाकली गेली आणि मग स्वयंपाकघरात गॅसवर फोडणी दिली की पुढच्या सोप्यापर्यंत ठसका.

दाराशी पाणी ठेवायची पद्धतही तशीच गेली. पूर्वी दारात दगड असायचा आणि पाण्याची घागर. रानातून आलेला माणूस पाय धुऊन आत यायचा. ते बंद पडलं होतं. कोरोनात पुन्हा सुरू झालं. प्रत्येक दारात बादली, तांब्या, साबण. कुणी ड्रमला तोटी बसवली. वीस सेकंद हात चोळायचे, पोरं त्यावर गाणी म्हणायची. आज गावातून फिरले तर ती बादली कुठंच दिसत नाही. नव्या घरांत बेसिन आलं आहे, पण ते आत, जेवायच्या टेबलाशेजारी, वर आरसा लावून. म्हणजे माणूस शेणाच्या नाहीतर औषध फवारलेल्या हातांनी दार उघडणार, पडदा बाजूला करणार, सोपा ओलांडणार आणि मग हात धुणार. एक तोटी बाहेर काढायला फार खर्च येत नाही. पाणी कढीपत्त्याला नाहीतर शोषखड्ड्यात सोडता येतं. हे मला कोरोनाएवढंच लहान लेकरांच्या जुलाबासाठी महत्त्वाचं वाटतं.

आता त्या वहिनींकडं येते. २०२० मध्ये मास्कची टंचाई होती. आमच्या गटानं ग्रामपंचायतीसाठी मास्क शिवले. चार मशीन चालत होत्या, त्यात वहिनींची सगळ्यात जास्त. तेव्हा त्यांची मशीन पुढच्या सोप्यात होती, दाराच्या उजेडाला. घरातले पुरुष काम नसल्यानं घरीच होते, पण मशीन चालली तर पैसा येत होता, म्हणून कुणी काही बोललं नाही. मग लेकरांची शाळा घरात आली. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, तेव्हा टीव्हीसमोर शांतता पाहिजे. मोबाईलवरचा तास असला की मुलगा रेंजसाठी स्लॅबवर. आणि मुलगी? तिचा तास सुरू झाला की कुणीतरी पाणी मागायचं. घरात अभ्यासाची जागा नव्हती असं नाही. जागा होती, पण तिथं बसलेल्या मुलीला उठवायचं नाही असा कुणाचा नियम नव्हता.

बंदी उठली, पाहुणे यायला लागले, आणि मशीनची सोप्यात अडचण व्हायला लागली. सोफा यायचा होता. मशीन गेली मागच्या खोलीत. तिथं खिडकी नाही. भर दुपारी दिवा. काळ्या कापडावर काळा दोरा असला की वहिनी ते कपडे बाजूला ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यात बसून उसवायच्या-शिवायच्या. दिवाळीच्या तोंडावर वीज सारखी जाते, तेव्हा तर काम ठप्प. गिऱ्हाईक तालुक्याला जायला लागलं. नवरा म्हणाला, "खिडकी कशाला, मोठा बल्ब लाव." बल्बनं उजेड होतो, पण त्या खोलीचा उबारा जात नाही.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी बैठकीत हसले, याचं मला वाईट वाटत होतं.

पुढच्या बैठकीत चर्चा झाली. आक्कांचं म्हणणं साधं होतं. गटाचा पैसा उत्पन्नाला द्यायचा, नाहीतर अडीनडीला. भिंत फोडायला नाही. मी म्हटलं, वहिनींची खिडकी उत्पन्नाचीच आहे. शेळीला गोठा लागतो तसा मशीनला उजेड लागतो. हे पटलं सगळ्यांना. मग मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, सोफ्याला आणि पीओपीला पैसे देऊ नयेत, ते दिखाव्याचं आहे. त्यावर सोफा मागणारी ताई मला म्हणाली, "ताई, तुम्हाला काय. तुमच्याकडं खुर्च्या आहेत. दोन वर्षं माझ्या घरी चिटपाखरू आलं नाही. माझी आई गेली ती मला बघायला मिळाली नाही. आता माझ्या माहेरची माणसं आली तर त्यांना पोत्यावर बसवू का?" मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही. मी बीए झाले, चार प्रशिक्षणं घेतली, पण कुणाच्या घरात काय दिखावा आणि काय गरज हे मी बाहेरून ठरवायला गेले ती माझी चूक होती. तिला कर्ज दिलं आम्ही. पीओपीवाल्या ताईंनी आपणहून अर्ज मागं घेतला, वरची जाळी झाकायची का ते आधी बघते म्हणाल्या.

वहिनींच्या कर्जात मात्र एक गाठ होती आणि ती आक्कांनीच काढली. "घर कुणाच्या नावावर हाय?" घर नवऱ्याच्या नावावर. म्हणजे कर्ज वहिनींच्या नावावर, हप्ता वहिनींचा, आणि भिंत नवऱ्याची. उद्या काही वाकडं झालं तर खिडकी काखेत मारून नेता येत नाही. तुम्हाला हे माहीत असेल, नसेल तर सांगते. २००३ सालीच राज्य शासनानं सांगितलं आहे की ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावानं करावी. आठ नंबरचा उतारा म्हणतो ना आपण, त्यावर दोघांची नावं. इतकी वर्षं झाली, पण आमच्या त्या गटात बारा जणींपैकी चौघींचंच नाव उताऱ्यावर निघालं. माझं स्वतःचं नाही, कारण घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. नवऱ्याच्या नावावर घर असेल तर दोघांनी सह्या करून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. वहिनींच्या नवऱ्याला आक्का स्वतः जाऊन भेटल्या. काय बोलल्या माहीत नाही. तो आक्कांच्या माहेरकडचा लागतो, तेवढं कामाला आलं. अर्ज दिला आहे. उतारा यायचा आहे.

ज्यांचं घरकुल मंजूर झालं आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगते. प्रधानमंत्री आवास योजनेत आपल्या सपाट भागात घरासाठी १ लाख २० हजार मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. २५ चौरस मीटर म्हणजे साधारण सोळा फूट बाय सतरा फूट. आपल्याला कागदावरचा नकाशा कळत नाही, आणि मिस्त्री "वहिनी, बघा की, मस्त होतंय" म्हणाला की आपण मान हलवतो. असं करू नका. पाया खणायच्या आधी जागेवर जा, राखेची पाटी घेऊन. सोळा बाय सतराची रेघ ओढा. आत भिंती ओढा, दारं मोकळी सोडा. मग आत चालून बघा. कमरेवर हंडा घेऊन दारातून वळता येतं का. सहा बाय तीनची बाज कुठं बसते, आणि तिच्यावर झोपलेल्या आजारी माणसाला वारा कुठून लागेल. दार उघडलं की ते बाजेला धडकतं का. मशीन ठेवायची असेल तर उजेड डाव्या हाताला येईल असं बघा, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. पश्चिमेला खिडकी काढलीत तर वर छज्जा घ्या, नाहीतर दुपारचं ऊन आणि पावसाळ्यातली झड दोन्ही आत येतात.

आणि ओटा. आमच्याकडं सगळ्या घरांत ओटा एकाच उंचीचा, कारण मिस्त्रीच्या टेपवर एकच खूण. मी बुटकी. आमच्या ओट्यावर पोळी लाटताना माझे खांदे कानाला टेकतात. आत्याबाई तर ओट्याकडं बघतही नाहीत, खाली बसून चिरतात, निवडतात. सरळ उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा आणि कोपरापासून अर्धी वीत खाली ओट्याचा माथा धरायचा. मिस्त्रीला टेपऐवजी तुमचा हात मापाला द्या. तो हसेल. हसू द्या. आणि एक पाट, एक विळी बसेल एवढी खालची जागाही सोडा. घरात गुडघे दुखणारं आणि उभं राहता न येणारं माणूस असतंच.

वहिनींची भिंत गेल्या शुक्रवारी फोडली. मी गेले होते. उत्तरेची भिंत, दिवसभर सारखा उजेड येतो. चौकट नवी नाही, पाडलेल्या एका वाड्यातली सागवानी, दोन फळ्यांची. नवऱ्यानंच ती शोधून आणली, पैसेही त्यानंच दिले. मग गटाच्या कर्जातले उरलेले पैसे वहिनींनी मशीनच्या मोटरला वापरले. विटा पडल्या आणि धुळीचा लोट बसला तसा मागच्या लिंबाच्या झाडाचा हिरवा उजेड खोलीत आला. त्यांची मुलगी दहावीला आहे. ती वही घेऊन तिथं येऊन बसली. धूळ तशीच, विटांचा ढीग तसाच, आणि ती तिथं बसलेली. वहिनी म्हणाल्या, "ऊठ, मशीन ठेवायची आहे." ती म्हणाली, "अर्धी जागा माझी." यावर त्या दोघींचं अजून ठरलेलं नाही.

आमच्या कोठीला अजून खिडकी नाही. मागं भाऊबंदांची भिंत आहे ती आहेच. दाराच्या वर जाळी काढायची आणि स्लॅबला एका कोपऱ्यात सान्यासारखं भोक पाडून वर झाकण बसवायचं, असं मिस्त्रींशी बोलणं झालं आहे. स्लॅब गळेल अशी सासऱ्यांना भीती वाटते आणि ती खोटी नाही. पावसाळ्याच्या आत निर्णय घ्यायचा आहे. मी माझ्या गटात अर्ज दिला आहे. कारणाच्या रकान्यात 'वारा' लिहिलं आहे, आक्कांना आठवण राहावी म्हणून.

येत्या बुधवारी दुपारी शाळेमागच्या मोकळ्या जागेत, नवीन घरकुल मंजूर झालेल्या बायकांसाठी आम्ही राखेच्या रेघा ओढून बघणार आहोत. राख मी आणते. येताना एक हंडा आणि मोजायला दोरी घेऊन या. मिस्त्री येणार असतील तर त्यांनाही आणा, चहा गटाकडून आहे. नमस्कार.